आधीच ठरलेला निकाल

राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या तेव्हा नागपूर, अकोला, अमरावती तिकडे मराठी मुलखात गेलं आणि आमचं बऱ्हाणपूर इकडे हिंदी राज्यात राहिलं. तोवर वरचे सगळे हुकूम नागपूरहून यायचे, आता ते भोपाळहून येऊ लागले. माझी मावशी अकोल्याला राहायची. सकाळी निघावं आणि रात्रीच्या जेवणाला तिच्या घरी टेकावं एवढंच अंतर, पण एकाएकी ती परराज्यातली झाली.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्या दिवसांत पहिली गोष्ट कुठली केली असेल तर दूधवाल्यासमोर बोलणं बंद केलं. तो दूध मापून जिना उतरेपर्यंत ते ओठ मिटून उभे राहायचे. तो गेला की म्हणायचे, "आता कोण कुठं काय सांगीन, भरोसा नाही." दूधवाला बिचारा खाली जाऊन शेजाऱ्यांना विचारायचा की बाबूजींची तब्येत बरी नाही का.

आबा तहसील कचेरीत कारकून होते. सगळी नोकरी लोकांचे अर्ज वाचण्यात गेली आणि अर्जात लिहिलेलं खरं नसतं, न लिहिलेलं खरं असतं, असं त्यांचं मत होऊन बसलं होतं. निवृत्त झाल्यावर अर्ज संपले, मत मात्र राहिलं. माझ्यासाठी आलेल्या प्रत्येक स्थळात त्यांना काहीतरी दडवलेलं दिसायचं, म्हणून चोविशी उलटली तरी मी इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरीच होते आणि मुलींच्या शाळेत शिकवत होते. मिडल स्कूलच्या वरच्या वर्गांना भूगोल माझ्याकडे होता. मला तो आवडायचा. आठवीच्या मुलींसमोर उभी राहिले की मला मी कोणीतरी आहे असं वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मोठ्या बाईंनी आम्हां सगळ्या शिक्षिकांना बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मूळच्या वर्ध्याकडच्या. त्यांनी सांगितलं की याच सत्रापासून वरचे वर्ग हिंदीतून चालतील. ज्यांना ते वर्ग ठेवायचे आहेत त्यांनी एक पाठ हिंदीतून घेऊन दाखवायचा. खंडव्याहून इन्स्पेक्ट्रेस बाई येतील, वर्गात मागे बसतील आणि ठरवतील. आणखीही काही काही त्या सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मी समोरच्या खुर्चीवर बसलेल्या नव्या शिक्षिकेकडे पाहत होते.

ती महिन्याभरापूर्वीच आली होती. सागरकडची. नवरा जंगल खात्यात, त्याची इकडे बदली झाली आणि हिला आमच्या शाळेत जागा मिळाली. विषय भूगोल. शाळेत भूगोलाला एक बाई पुरत होती, मग दुसरी कशाला?

तिचं माझं पहिल्याच दिवशी बिनसलं होतं. मी आदरानं म्हटलं होतं, "बाई, या, इथं बसा." तिचा चेहरा एकदम उतरला. ती काही न बोलता दुसरीकडे जाऊन बसली. आमच्याकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, त्यापेक्षा मोठा मान नाही. तिच्या गावी घरी भांडी घासायला येते तिला बाई म्हणतात, हे मला कोण सांगणार? मला एवढंच दिसलं की ही आली आणि तोंड फिरवून बसली. त्यानंतर आम्ही एकमेकींशी कामापुरतं बोलायचो, तेही कमीच.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तिचा नवरा कुठला म्हणे?"

"सागरचा."

"अन् ती खंडव्याची इन्स्पेक्ट्रेस?"

"मला काय माहीत?"

दोनच दिवसांत त्यांनी कचेरीतल्या जुन्या ओळखीतून शोध लावला. इन्स्पेक्ट्रेस बाईही सागरच्याच. आबा विजयी चेहऱ्यानं ओट्यावर बसले होते. "बस. अजून काय पाहिजे? ते सारं ठरेल आहे पोरी. तुले फक्त हजेरी लावाले बोलावून राहिले. उद्या कोणी म्हणाले नको की मराठी बाईले संधी दिली नाही."

आई आतून म्हणाली, "तरी तिनं थोडं वाचावं की नाही?"

"वाच ना. पण कशासाठी ते मले सांग."

मलाही सांगता आलं नाही. खरं म्हणजे त्यांचं ऐकून मला बरंच वाटलं. ठरलेलंच असेल तर मेहनत कशाला? शिवाय हिंदी काय मला येत नव्हती? लहानपणापासून इतवाऱ्याच्या बाजारात भाजीवालीशी, बोहऱ्याच्या दुकानात, टांगेवाल्याशी मी हिंदीच बोलत आले होते. "कितने का दिया", "जास्ती मत लगाओ", "ऐसाच है" एवढ्यावर आमचा निभाव लागायचा. मुलींना तापी नदी शिकवायची असं ठरवलं. ती तर घराच्या मागेच वाहत होती. पाठाच्या आधी एकदा पुस्तक उघडलं, मथळे पाहिले आणि मिटून ठेवलं.

मी वेळ घालवला तो दुसऱ्याच गोष्टीत. शाळेत कोण कोणाशेजारी बसतं, कोण कोणाला सुपारी देतं, यावर मी नजर ठेवून होते. एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या बाई आणि ती सागरवाली हळू आवाजात बोलत होत्या. मी जवळ गेले तशा दोघी गप्प झाल्या. मोठ्या बाई म्हणाल्या, "काय हो, बरं आहे ना?" एरवी त्या मला असं कधी विचारायच्या नाहीत. मी घरी येऊन हे आबांना सांगितलं. ते फक्त मान हलवत राहिले.

पाठाच्या दिवशी सकाळी मी कपाट उघडलं तर भिंतीवर टांगायचा मोठा नकाशा जागेवर नव्हता. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, असा तो शाळेतला एकुलता एक नकाशा. मी वरचा-खालचा सगळा कप्पा उपसला. आणि पुढच्याच क्षणी, खरं सांगायचं तर, जरा हलकं वाटलं. घ्या, आता पुरावाच मिळाला. मी कोणाला विचारलं नाही. विचारून काय होणार होतं?

वर्गात मागच्या बाकावर इन्स्पेक्ट्रेस बाई बसल्या होत्या. पांढरी साडी, उंच बांधा, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. त्यांच्या एका बाजूला मोठ्या बाई आणि दुसऱ्या बाजूला ती. मी फळ्यावर "तापी" असं लिहिलं. पुढच्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "हिंदी में ताप्ती लिखते हैं." मी पुसून पुन्हा लिहिलं.

मग मी बोलू लागले. "ताप्ती मुलताई से उगम पावती है," असं म्हटलं तेव्हा मराठी मुली नेहमीसारख्या ऐकत राहिल्या आणि हिंदी मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. पुढे मला उतार या शब्दाला हिंदी शब्द सुचेना. हातानंच उतार करून दाखवला. खोरं कसं म्हणायचं तेही येईना. नकाशा नसल्यानं सातपुडा कुठं आणि अजिंठ्याचे डोंगर कुठं हे मी एकदा खिडकीकडे आणि एकदा दाराकडे बोट करून सांगितलं. एका मुलीनं हात वर केला. हुशार मुलगी, तिचा बाप यंत्रमागाच्या कारखान्यात होता.

"बहनजी, गोदावरी, कृष्णा, महानदी सब पूरब को जाती हैं. ताप्ती पश्चिम को क्यों जाती है?"

ह्याचं उत्तर मला मराठीतही धड येत नव्हतं. कधी कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "वो ऐसीच जाती है."

वर्ग हसला. हसणं कुजकट नव्हतं, पोरींना खरंच गंमत वाटली. मीही हसले. घंटा व्हायच्या आतच माझ्याजवळचं संपलं आणि मी मुलींना पुस्तक वाचायला सांगितलं.

मुली बाहेर गेल्यावर इन्स्पेक्ट्रेस बाई पुढे आल्या. त्यांनी विचारलं, "घर से क्या तैयार करके लाई थीं?" मी काहीतरी पुटपुटले. त्यांनी फळ्यावरच्या त्या एकाच शब्दाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "यह भी कोई चेष्टा है?" आणि निघून गेल्या.

माझ्या कानांतून वाफा निघाल्या. चेष्टा! मी चेष्टा करत होते, म्हणे! नकाशा पळवायचा, आधीच सगळं ठरवायचं, आणि वर मलाच म्हणायचं की ही काय थट्टा लावलीय?

त्यानंतर सागरवालीचा पाठ झाला. तो पाहायला मी थांबले. तिच्याही वर्गात नकाशा नव्हता. तिनं सकाळी लवकर येऊन अख्ख्या फळ्यावर रंगीत खडूंनी हिंदुस्थान काढून ठेवला होता. मला त्यातही काळंबेरं दिसलं. नकाशा मिळणार नाही हे हिला आधीच कसं कळलं?

निकाल दुसऱ्याच आठवड्यात कळला. आठवी तिच्याकडे. मला प्राथमिकची तिसरी, मराठीतून. ज्या मुली काल मला भूगोल विचारायच्या त्या आता मधल्या सुट्टीत मला नमस्ते करून तिच्याकडे जायच्या.

घरी चेष्टा हा शब्द कितीतरी दिवस गाजत होता. आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "सरकारी बाई माझ्या पोरीले भर वर्गात म्हणते, चेष्टा करते काय!" शेजारी हळहळायचे. माझ्याबद्दल गल्लीत सहानुभूती पसरली. मला ती गोड लागत होती, आणि रोज सकाळी तिसरीच्या वर्गात पाढे म्हणून घेताना तीच कडू लागत होती.

एक दिवस शाळा सुटल्यावर मी आणि ती फाटकाशी एकट्याच सापडलो. तिचा टांगा आला नव्हता. ती म्हणाली, "आपकी तीसरी कक्षा बहुत साफ गाती है." बहुतेक तिला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. पण माझ्या आत साठलेलं सगळं बाहेर पडलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत तिला म्हटलं की तुमच्या गावच्या त्या बाईंनी माझा अपमान केला. मी चेष्टा कशाला करीन? मी शिक्षिका आहे. शिकवताना मी कोणाची चेष्टा करत नसते.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आप क्या कह रही हैं?"

मी पुन्हा सांगितलं. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजाडलं. तिनं विचारलं, "मराठी में चेष्टा माने क्या?"

"मजाक."

तिनं तोंडावर पदर धरला. हसू आवरत होती की संकोच, मला कळेना. म्हणाली, "हमारे यहाँ चेष्टा माने कोशिश. मेहनत. उन्होंने पूछा था, यह भी कोई कोशिश है?"

रस्त्यानं केळीच्या घडांनी भरलेली एक बैलगाडी जात होती, ती जाईपर्यंत दोघी बाजूला उभ्या राहिलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा तो शब्द वाईट निघाला होता. कोणी थट्टेचा आळ घेतला तर तो खोटा म्हणता येतो. हा खोटा म्हणता येत नव्हता.

तरी मी हट्ट सोडला नाही. विचारलं, "नक्शा?"

"नक्शा तो फट गया था, पीछे कपड़ा चढ़वाने गया है. बड़ी बहनजी ने मीटिंग में बताया था. आप बैठी तो थीं."

बसले होते खरी. तिच्याकडे बघत बसले होते.

"और वो बड़ी मैडम? आपकी पहचान की हैं ना?"

तिनं रस्त्यावर टांगा दिसतो का ते पाहिलं. मग म्हणाली, "हाँ. स्कूल में मुझे पढ़ाती थीं. दो बार फेल किया है मुझे." हे तिनं अभिमानानं सांगितलं की रागानं, ते आजही मला सांगता येणार नाही. आणि व्हरांड्यात मोठ्या बाईंशी काय कुजबुजत होतात हे विचारलं तर म्हणाली की आठवत नाही. मला ते पटलं नाही. तेवढ्यात टांगा आला. चढताना ती म्हणाली की इथं आल्यापासून ती खोलीत शिरली की सगळ्यांचं मराठी एकदम थांबतं, तिलाही रोज वाटतं की आपल्याबद्दलच चाललं होतं. मी म्हटलं, "चल रहा था." ती पहिल्यांदा मोकळी हसली.

घरी येऊन आबांना चेष्टाचा अर्थ सांगितला. त्यांना तो आवडला नाही.

"कोण म्हणे असं?"

"तीच."

"ती तर सांगीनच. इन्स्पेक्ट्रेस तिच्या ओळखीची आहे, हे तरी कबूल केलं ना तिनं? मग ठरेल होतं की नाही?"

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली. मग म्हणाले, "आबा, ठरलेलं होतं की नाही, हे मला कसं कळणार? मी चांगला पाठ घेतला असता आणि तरी मला काढलं असतं, तर मी छातीठोकपणे म्हटलं असतं की ठरलेलं होतं. आता दुसरी कोणी इन्स्पेक्ट्रेस आली असती तरी तिनं मला तिसरीच दिली असती. मी त्यांना पकडायची संधीच घालवली."

आबांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. कचेरीत अर्जाकडे पाहत असतील तसं. "हे बोलणं तुले कोणी शिकवलं?" त्यांनी विचारलं. म्हणजे माझ्यावरही संशय आला. आई आत हसली, ते ऐकू आलं.

पण तो मुद्दा त्यांच्या डोक्यात शिरला. समोरच्याला पकडायचं तर आपली बाजू चोख पाहिजे, हे त्यांच्या कचेरीतल्या शास्त्राला धरूनच होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं की पुन्हा पाठ देता येतो का. मी मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "येतो की. इन्स्पेक्ट्रेस बाई पावसाळ्यानंतर परत येणार आहेत. तुम्ही विचाराल असं मात्र मला वाटलं नव्हतं." ह्या वाक्यावर पूर्वी मी आठवडाभर घालवला असता.

मी सागरवालीच्या घरी जाऊ लागले. ती मला शब्दांची लिंगं सांगायची आणि मी तिला भाजीबाजारातलं मराठी. पाणी आमच्याकडे "ते", तिच्याकडे "तो". ढाल म्हटलं की मला मावळ्यांच्या हातातली दिसायची, तिच्या भाषेत तोच उतार निघाला. खोऱ्याला घाटी. मला ते ओठांवर यायला वेळ लागला. आमची मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. ती मला बरोबर शिकवते आहे की मुद्दाम चुकीचं, म्हणून सुरुवातीला मी घरी येऊन पुस्तकात ताडून पाहायची. तिनं सांगितलेलं प्रत्येक वेळी बरोबर निघायचं. पुस्तक उघडायची सवय मात्र त्यातून लागली ती लागली.

तापी पश्चिमेला का वाहते, हे मी वाचून काढलं. सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांमधली जमीन खचून लांबच लांब खोलगट पट्टा झालाय आणि तो पश्चिमेकडे उतरतो. वाचून कळलं, पण दाखवणार कसं? मग मातीचा नमुना करायचं ठरवलं. जवळच्या जसोंडी गावची एक मुलगी शाळेत यायची. तिच्या वडिलांनी केळीच्या बागेतली काळी माती बैलगाडीतून आणून दिली. आबांनी आधी विचारलं, "फुकट कशाले देऊन राहिला तो?" आणि मग स्वतःच ती चाळायला बसले. लाकडी पाटावर मी डोंगर उभे केले, मधून नदी काढली. वाळल्यावर सातपुड्याला अशी भेग पडली की हात आत जावा. सगळं मोडलं. पूर्वीची मी असते तर माती खराब दिली म्हणून मोकळी झाले असते. आईनं कापूस पिंजून दिला, तो मातीत मळला आणि पुन्हा पहिल्यापासून केलं. ह्या खेपेला भेग पडली नाही.

खरी तयारी आबांनी करून घेतली. संध्याकाळी ते ओट्यावर इन्स्पेक्ट्रेस होऊन बसायचे आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर विचारायचे, "कशावरून?" ताप्ती मुलताईला उगम पावते. कशावरून? जमीन खचलेली आहे. कशावरून? खंभातच्या आखाताला मिळते. तू गेली होतीस पाहाले? मी चिडायची, रडकुंडीला यायची. पण तहसील कचेरीत ज्यांच्यापुढे लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या थापा टिकल्या नाहीत, त्यांच्यापुढे माझा भूगोल हळूहळू टिकायला लागला. गल्लीतल्या लोकांना वाटायचं की बाप-लेकीचं रोज भांडण चाललंय.

इन्स्पेक्ट्रेस बाई आल्या. तीच पांढरी साडी, तोच चेहरा. नकाशा जागेवर आहे ना ते आदल्या दिवशी मी स्वतः बघून आले होते. तरी सकाळी पाट उचलण्याआधी मी लोटा दोनदा तपासला. ह्या वेळी मला लपायला काही कारण नव्हतं. गेल्या खेपेला नापास झाले तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती.

मी मुलींना पाटाभोवती बोलावलं आणि लोट्यानं मुलताईला पाणी ओतलं. पाणी डोंगरांच्या मधून सरळ पश्चिमेला धावलं आणि पाटाच्या कडेवरून इन्स्पेक्ट्रेस बाईंच्या चपलेपाशी सांडलं. मुली ओरडल्या. त्यांनी पाय मागे घेतला आणि विचारलं, "कैसे मालूम कि ज़मीन धँसी हुई है?"

मला आबाच समोर दिसले. मी सांगितलं. दोन्हीकडच्या डोंगरांचे कडे कसे आहेत, मधला पट्टा सरळ रेषेत कसा जातो, सातपुड्याच्या पलीकडे नर्मदाही तशीच का वाहते. मधे एकदा पाण्याला "बहती है" म्हणून गेले. माझं मलाच ऐकू आलं आणि मी सुधारलं. त्या घंटा होईपर्यंत प्रश्न विचारत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ठीक है." एवढंच.

मला सातवी मिळाली. आठवी सागरवालीकडेच राहिली.

"पाह्य," आबा म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

मी दुसऱ्याच दिवशी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच विचारलं की माझा पाठ चांगला झाला होता तर आठवी का नाही. असं त्यांना विचारायची माझी पहिलीच वेळ. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. म्हणाल्या, "पाठ चांगला झाला म्हणून तर सातवी दिली. आठवीच्या मुली त्यांच्या हाताखाली अर्ध्या वर्षाच्या तयार झाल्यात. मधेच बाई बदलून त्यांचं नुकसान करू का?" मला ते अर्धं पटलं, अर्धं नाही. पण राहिलेल्या अर्ध्याचा आता त्रास होत नव्हता. माझ्याकडून काही राहिलं नव्हतं, त्यामुळे जे काही राहिलं होतं ते त्यांच्या बाजूला होतं, आणि ते त्यांनी सांभाळावं. मी सातवीच्या वर्गात गेले. तिथं मी पुढे बरीच वर्षं शिकवलं. जंगल खात्याच्या साहेबांची बदली झाल्यावर आठवीही माझ्याकडे आली. तोवर माझं हिंदी एवढं सुधारलं होतं की नव्या मुलींना मी कुठली हे कळायचं नाही.

मला सातवी मिळाली त्याच वर्षी हिवाळ्यात आमच्या शाळेतल्या दोन जुन्या शिक्षिका रविवारी सकाळी आमच्या घरी आल्या. दोघींनी पहिल्या खेपेला पाठ द्यायलाच नकार दिला होता आणि आता त्यांच्या हातून खालचे वर्गही जायची पाळी आली होती. मीच त्यांना निरोप दिला होता की हिंदी शिकायचं असेल तर या. त्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर घुटमळत राहिल्या. एकीनं घरभर नजर फिरवली, आबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला हे करायला कोणी सांगितलं का? मोठ्या बाईंनी?"

"कोणी नाही."

"मग ह्यात तुमचं काय?"

मी म्हटलं, "आधी बसा तर. चहा येतोय." त्यांचा विश्वास बसला नाही, ते दिसतच होतं. दुसरी सारखी दाराकडे बघत होती. चहा पिऊन झाल्यावर मी त्यांना पहिला धडा वाचायला लावला. वाचताना त्या अडखळल्या आणि मी मधे बोलले नाही. जाताना त्यांनी पुन्हा येऊ असं काही म्हटलं नाही. पण पुढच्या रविवारी त्या माझ्याआधीच ओट्यावर येऊन बसल्या होत्या, आणि आबा त्यांना विचारत होते, "कशावरून?"